जशी होती तशी

माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही खिडक्यांच्या वर, आतल्या बाजूने, दोन-दोन बारीक भोकं आहेत. संभाजीनगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे परीक्षकांनी सगळ्या गाडीवरून नजर फिरवली, मान डोलावली आणि या भोकांपाशी येऊन थांबले.

"ही कंपनीची नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत," मी म्हणालो. "मी पाडली."

"म्हणजे आधीच्या मालकाने पाडली असतील."

"त्यांनीही पाडली होती. मी ती बुजवली. मग पुन्हा पाडली."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या गाडीकडे गेले. बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "खोटं बोलता येत नाही तर गप्प तरी बसत जा."

तिचं बरोबर आहे. मला खोटं पचत नाही. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. हॉटेलात भाजी खारट लागली तर वेटरला सांगताना आवाज असा होतो की मीठ मीच जास्त टाकलं. तरी गेल्या पावसाळ्यात मी एक लहानसं खोटं बोललो, एकाच शब्दाचं. ही भोकं त्याची आहेत.

मी जालन्यात एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत नोकरी करतो. बियाण्याची शुद्धता तपासणं हे माझं काम. शेतकऱ्याच्या शेतात बीजोत्पादनाचा प्लॉट असतो, त्यात हिंडायचं आणि वेगळ्या उंचीचं, वेगळ्या पानाचं झाड दिसलं की ते फुलायच्या आत उपटायला लावायचं. याला आम्ही भेसळ काढणं म्हणतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझी नजर तशीच झाली आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला आधी वेगळ्या रंगाची खुर्ची दिसते.

याच कामामुळे जुन्या जालन्यातल्या एका मारवाडी व्यापारी घराशी ओळख झाली. राजस्थानातून आलेलं घराणं, पण इथे इतक्या पिढ्या झाल्या की घरात भांडण मराठीतच व्हायचं. त्यांच्या गोदामामागे ताडपत्रीखाली एक ॲम्बेसिडर उभी होती. जुनी, स्टिअरिंगला गिअर असलेली, पुढे अखंड सीटची. घरातले थोरले शेठजी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते गेल्यापासून गाडी हलली नव्हती. दिवाळीनंतर सगळं कुटुंब पुण्याला कायमचं जाणार होतं. शेठजींचा मुलगा मला म्हणाला, "सर, भंगारवाला येऊन पाहून गेला. तुम्हाला पाहिजे तर बोला." मी ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं आणि घासाघीस करायचंही विसरलो.

पण गाडी खऱ्या अर्थाने त्याच्या आईची होती. तिला सगळे माँजी म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर पदर, पाठ थोडी वाकलेली, आवाज मात्र दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यासारखा. मी पाया पडलो तेव्हा त्या म्हणाल्या, "देखो भाऊ, गाडी तुमची झाली. माझं एवढंच म्हणणं, जशी होती तशी करा. आन् आम्ही पुण्याला जायच्या आत मला एकदा तिच्यात बसवून मंठ्याला नेऊन आणा. माझी नणंद दिलेली आहे तिथं. मंग झालं."

"होती तशीच करतो माँजी," मी म्हणालो. "बिलकुल ओरिजिनल."

"हां," त्या म्हणाल्या. "ओरिजिनल."

शब्द दिला. घरी येताना छाती फुगली होती. ओरिजिनल करणं म्हणजे माझ्या हातचं काम. भेसळ शोधायची आणि काढायची.

भेसळ भरपूर होती. कुणीतरी केव्हातरी बसवलेला टेप, जीपचे आरसे, बोनेटवर झेप घेणारा प्लास्टिकचा चित्ता. आणि मागच्या खिडक्यांना पडदे. वर हूक ठोकून त्यात स्प्रिंगची तार ओवलेली, आणि तारेवर चुण्या घातलेलं सॅटिनचं कापड. धुळीने त्याचा रंगसुद्धा सांगता येत नव्हता. मी पहिल्याच दिवशी ते ओढून काढलं आणि शेतातलं चुकार झाड उपटल्यावर वाटतं तसं समाधान मला वाटलं.

गाडी नेली ती उस्तादकडे. उस्ताद म्हणजे कन्हैयानगरच्या पुढे गॅरेज असलेला मेकॅनिक. हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. त्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि सुरू झाला.

"साब, ही सीट उडवू. बकेट सीट बसवू. एसी टाकू, पॉवर स्टिअरिंग टाकू, डिझेलचं इंजन टाकू. मंग बघा कशी दिसती."

"उस्ताद, मला जुनी दिसायला हवीय."

"जुनी तर हायेच. मंग त्याला खर्चा कशाला?"

तरी तो कामाला लागला. दर रविवारी मी तिथे असायचो. मी म्हणायचो, हा नट नवीन आहे. तो म्हणायचा, साब, नट आहे, नवरदेव न्हाई. पुढच्या डाव्या दाराच्या तिकोनी काचेची कडी तुटली होती. उस्ताद म्हणाला, काच फिक्स करून टाकू, कोण उघडतं तिला आजकाल. मी ती कडी शोधत भंगार बाजारात इतक्या चकरा मारल्या की तिथले लोक मला लांबूनच "कडी न्हाई आली" असं ओरडून सांगायला लागले. शेवटी मिळाली, परभणीकडच्या एका मोडक्या गाडीची. ती बसवताना उस्ताद कुणालातरी फोनवर सांगत होता, "अरे एक साब आल्ते, एवढ्याशा कडीसाठी असे खूश झाले की जसं पोरगं झालं."

पडद्यांची भोकं त्याने डाग देऊन बुजवली, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली. बोट फिरवलं तरी कळेना.

रंगाचा प्रश्न आला. गाडी पांढरी होती, पण दाराच्या आतलं पॅड काढलं तर खाली फिकट हिरवा. म्हणजे कंपनीचा रंग हिरवा आणि पांढरा नंतरचा. मी पॅडच्या मागे स्क्रूने बसवलेला, तोच रंग लागलेला पत्र्याचा तुकडा काढून घेऊन माँजींकडे गेलो. त्यांनी तो खिडकीपाशी धरला आणि हसल्या.

"हाच. पिस्ता बर्फी. सासरे म्हणाले होते, लोक हसतील असल्या रंगाला. लोक हसलेच. मंग दुसऱ्या वर्षी पांढरी केली."

"आता परत पिस्ता होईल," मी म्हणालो. "वर नवा रंग नाही मारणार. पांढरा पाणीपेपरने हळूहळू घासून काढला की खालचा जुनाच उघडा पडतो."

"घासून?" त्या म्हणाल्या. तुकडा अजून हातातच होता. "आन् पडदे? पडदे हायेत का अजून?"

मी चहाचा कप उचलला होता, तो तसाच राहिला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, तुकड्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, या बाईने ते कापड स्वतः शिवलं असेल. कदाचित लग्नातल्या ओढणीचं असेल. आणि मी ते उपटून टाकलं.

"आहेत माँजी," मी म्हणालो. "आहेत."

"हं," त्या म्हणाल्या. "बराबर. असणारच." तुकडा मला परत दिला आणि सुनेला म्हणाल्या, यांना अजून एक पापड द्या.

मी तो पापड कसा खाल्ला ते मलाच ठाऊक. तिथून निघालो तो सरळ गॅरेजवर. "उस्ताद, ते पडदे कुठे आहेत?"

उस्ताद बोनेट पुसत होता. त्याने हातातलं फडकं वर केलं. "हे काय. लई झकास कापड साब. दोन महिने झाले, फाटायचं नाव न्हाई."

मी ते फडकं घेतलं आणि त्याची घडी घातली. ऑइल, ग्रीस, पॉलिश, सगळं होतं त्यात. उस्ताद माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "दुसरं देऊ का साब? बनियन हाये माझं, स्वच्छ हाये."

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मूळची धावडा गावची, शेतकरी घरातली, कुठलीही गोष्ट सरळ धरून उचलणारी. तिने फडक्याची शिवण उसवली. आतल्या दुमडीत चिंचोळी पट्टी शाबूत होती: वांगी रंग.

"नवे शिवता येतील," ती म्हणाली. "पण तुम्ही त्यांना विचारलं का, पडदे पाहिजेत का म्हणून?"

"त्यांनीच विचारलं ना."

"त्यांनी विचारलं ते वेगळं. तुम्ही विचारलं का?"

"आता कसं विचारणार? आहेत म्हणून सांगून बसलोय."

"मंग शिवते," ती म्हणाली. "तुमच्या मनाला कोर्टात उभं करायला वकील लागत न्हाई, तुम्हीच पुरे. माझं काय जातं."

वांगी सॅटिन मिळेना. दुकानदार जांभळं दाखवायचे, मग किरमिजी, मग म्हणायचे, साहेब, अंधारात सारखंच दिसतं. शेवटी मिळालं ते एका मंडपवाल्याकडे. बायकोने चुण्या घातल्या. आता राहिली ती भोकं. ज्या पत्र्यावर मी एक ओरखडा चालू दिला नव्हता, त्याला ड्रिल लावायला मीच उस्तादला सांगितलं. उस्तादला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा त्याला पूर्ण हिशेब चुकता झाल्यावरही झाला नसावा.

"बुजवलं तवाबी मीच, खोलून राह्यलो तवाबी मीच," तो ड्रिल चालवत म्हणाला. "साब, अजून एकदा बुजवायचं असलं तर आताच सांगा, मशीन गरम हाये." मी दुसरीकडे तोंड करून उभा होतो. दुसऱ्याची दाढ उपटताना लोक उभे राहतात तसा.

दसऱ्याला गाडीची पूजा केली आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही ती माँजींच्या दारात नेली. सगळं घर बाहेर आलं. सुनेने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. ही बाई आता काही दिवसांत जालना सोडून जाणार, ही तिची शेवटची फेरी, आणि तिने जर म्हटलं की ही माझी गाडी नाही, तर मी काय करणार होतो?

माँजी काठी टेकत गाडीभोवती फिरल्या. पिस्ता रंगावर हात ठेवला. तो काही ठिकाणी पातळ झाला होता, कोपऱ्यांवर खालचा पत्रा डोकावत होता, पण होता तोच. "हीच," त्या म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी धावत जाऊन मागचं दार उघडलं. पडदे झुलले. नवं सॅटिन उन्हात चमकलं.

माँजी तिथे उभ्या राहिल्या. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग दार स्वतःच्या हाताने लावलं आणि काठी टेकत पुढच्या दाराकडे गेल्या.

"मी पुढं बसते."

मुलगा म्हणाला, "माँ, मागे आरामात बसा ना. रस्ता लांब आहे."

"आराम लई झाला," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

बायको पुढे बसणार होती, ती मुकाट मागे गेली. गाडी हलल्यावर तिचा आवाज आला, "अहो, मला काही दिसत नाही. मला पडद्यात बसवलं तुम्ही."

माँजी हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला. मग म्हणाल्या, "बघ ना. आता कळलं का तुला?"

शहराच्या बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. "माँजी, एक सांगायचंय. ते जुने पडदे नाहीत. जुने मी काढले होते. गॅरेजवाल्याने पुसायला वापरले. तुम्ही विचारलं तेव्हा मी आहेत म्हणालो, खोटं बोललो. हे नवे आहेत. ही भोकंसुद्धा आता परत पाडली."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काढले होते?"

"हो."

"मंग परत कशाला लावले, बावळट माणसा?"

मागून बायको म्हणाली, "हेच मी यांना म्हणत होते."

"मी विचारलं, हायेत का अजून. मनात म्हणलं, न्हाई म्हणाले तर बरं होईल. तुम्ही म्हणाले हायेत. मंग मी काय बोलणार? तुमची गाडी."

"पण तुम्हीच म्हणालात ना, जशी होती तशी."

"हां. जशी होती तशीच. पडदे कुठं होते तवा?"

आणि मग त्यांनी सांगितलं. गाडी औरंगाबादहून आणली तेव्हा शेठजी आणि त्या, दोघंच होते. माहेरच्या कुणाच्या लग्नाला गेल्या होत्या, तिथूनच नव्या गाडीतून परत निघाले. शेठजी म्हणाले, बस पुढं, कोण पाहतं. त्या पुढे बसल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या काचेतून रस्ता पाहिला. झाडं अंगावर येतात आणि बाजूला होतात. "मी ह्यांना म्हणलं, हळू चालवा, झाडं लागतील. हे इतके हसले."

"मग?"

"मंग बदनापूर आलं. बदनापूरला ह्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, आता मागे बस, गाव जवळ आलं. मी मागे बसले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पडदे लावून घेतले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, जुना हिशेब सांगावा तसा सूर होता. "त्याच्यानंतर किती बार मंठ्याला गेले असेन ह्याच रस्त्याने. राखीला, तीजेला, बाळंतपणाला. मला विचारा वाटेत काय हाये. मला हिशेब यायचा तो खड्ड्यांचा. अमका खड्डा आला म्हणजे एवढं राह्यलं."

बोलता बोलता त्यांचा डावा हात पुढे गेला. न पाहता. तिकोनी काचेची कडी बोटांना लागली, बोटांनी ती फिरवली, काच वळली आणि वाऱ्याचा झोत थेट त्यांच्या चेहऱ्यावर आला. पदर मागे उडाला. तो त्यांनी डोक्यावर पुन्हा घेतला, पण काच लावली नाही.

भंगार बाजारातल्या त्या सगळ्या चकरा मला आठवल्या.

मग प्रश्न सुरू झाले. हे काय? कापूस, माँजी, फुटलाय. एवढा? हो, वेचणी चालू आहे. हे? तूर. तूर त्यांच्या दुकानात पोत्यांनी आली होती, त्यांनी ती मुठीत घेऊन जन्मभर दाणा पारखला होता, पण उभी तूर त्यांनी अशी पाहिली नव्हती. "एवढी उंच असती?" मोसंबीची बाग आली तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली. वाटूर फाट्यावर चहा घेतला, तोही गाडीत नाही, बाहेर बाकड्यावर बसून. टपरीवाला गाडीकडे बघून म्हणाला, "आजी, शूटिंग हाये का?" माँजी म्हणाल्या, "हां. मी हिरोईन. हे ड्रायव्हर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बुरा नका मानू."

मंठ्याला नणंदेच्या घरी गल्लीभर लोक जमले. नणंद माँजींहूनही म्हातारी, अंथरुणावर बसलेली. दोघींनी हात हातात घेतले. मग नणंदेने विचारलं, कशी आलीस? माँजी म्हणाल्या, "पुढं बसून." आणि दोघी अशा हसल्या की त्यांच्या नातसुना स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

मी बाहेर गाडीपाशी आलो तर बायको पडदे काढत होती. तारेसकट. "उस्तादला सांगू का, भोकं पुन्हा बुजवायला?" मी विचारलं.

"बुजवा, पाडा, बुजवा," ती म्हणाली. "त्या माणसाला आयुष्यभराची नोकरी लागली." मग तिने भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "राहू द्या. एवढी वर्षं होती ती. ती काय खोटी थोडीच आहेत?"

यावर मी अजून विचार करतो आहे. बियाण्याच्या बाबतीत मला शुद्ध काय ते सांगता येतं. गाडीच्या बाबतीत पूर्वीइतकं ठामपणे येत नाही. पण भोकं मी बुजवली नाहीत, आणि परीक्षकांनी गुण कापले तेव्हा मला, माझ्यासारख्या माणसाला, आश्चर्य म्हणजे अजिबात अपराधी वाटलं नाही.

परत येताना ऊन उतरत होतं. बायको मागे मोकळ्या खिडकीशी पाय पसरून बसली होती, नणंदेच्या घरून दिलेला डबा मांडीवर. माँजी पुढे. थकल्या असतील, डुलकी लागेल, असं मला वाटलं होतं, पण त्या एका हाताने डॅशबोर्ड धरून ताठ बसल्या होत्या. झाडं येत होती, बाजूला होत होती. लांबवर पोलादाच्या गिरण्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. जालना जवळ आलं.

मंठा चौफुलीच्या अलीकडे मी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

माँजींचा हात कडीवरून दाराच्या हँडलवर गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर पाहतच विचारलं, "का थांबवली?"

"सळयांचा ट्रेलर वळतोय, माँजी. लांब आहे. जाऊ द्यावा लागेल."

"ट्रेलर," त्या म्हणाल्या. हात हँडलवरून खाली आला. "मंग ठीक. मला वाटलं, गाव आलं."

मागे बायको हसली, पण आवाज न करता. ट्रेलर सावकाश वळला, मागे लोंबणाऱ्या सळयांना बांधलेलं लाल फडकं फडफडत गेलं. मी गिअर टाकला आणि बाजारातल्या रस्त्याने गाडी घेतली, थोडी हळूच, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी.